फंक्शनचे दुष्परिणाम

४ फेब्रुवारी

आदरणीय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

माझी मेल पाहून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतोय, पण त्या त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरतात, त्यामुळे तो गप्प बसतो. तुमचा भाऊ आत्ता कुठल्यातरी लिफ्टवर चढून, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, तेलाने माखलेला असेल. म्हणजे तोही मजेत.

काम माझं आहे. औषधाच्या डबीत घड्या घातलेली चिठ्ठी असते ना, किती घ्या, कधी घ्या, काय होऊ शकतं, तसल्या चिठ्ठ्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. आता अक्षरशः गेली. कंपनी विकली आणि आमचं खातं बंद झालं. दोन महिने घरी बसले. सासूबाई आणि मी दोघी दिवसभर घरात, म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. शेवटी एका मोफत टेक्स्ट एडिटरच्या माहितीपुस्तकावर अर्धवेळ काम मिळालं. तिथे सगळे टोपणनावांनीच वावरतात; सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे ‘आजोबा’ (वय चौतीस). त्यांनी सांगितलं, अक्षरांच्या वर्गांचं प्रकरण फार जुनं झालंय, नव्या आवृत्तीआधी नीट करा, आणि अडलं तर ज्याने कोड लिहिला त्या ‘घुबडा’ला विचारा.

मी जेवताना सहज म्हटलं, हे घुबड कोण असेल? तुमच्या भावाला ठसका लागला. “अगं, ती आमची ताई!” म्हणाला. आणि वर, “तिला काही विचारू नकोस, चावेल.”

तरी विचारते. मला समजलं ते असं: प्रत्येक खुणेला एक वर्ग असतो. हे शब्दातलं अक्षर, ही मोकळी जागा, हे विरामचिन्ह, हा उघडणारा कंस, हा मिटणारा. त्यावरून कर्सर शब्दामागून शब्द उड्या मारताना कुठे थांबायचं ते ठरवतो. ही सगळी माहिती एका तक्त्यात असते. एक फंक्शन, म्हणजे कोडमधला ठरलेलं काम करणारा तुकडा, वर्ग विचारतं, दुसरं बदलतं. इथवर बरोबर असेल तर तीन शंका आहेत. कविता, कोड, पत्र अशा प्रत्येक प्रकारच्या फाइलला वेगळा तक्ता असतो का? विचारणाऱ्या फंक्शनला एका खुणेऐवजी अख्खा शब्द दिला तर चालतो का? आणि बदलणाऱ्या फंक्शनने केलेला बदल कुठवर पोचतो? जुन्या पानावर “फक्त चालू फाइलपुरता” असं लिहिलंय, ते खरं ना?

तुमची,
धाकटी भावजय

५ फेब्रुवारी

१. हो.
२. नाही.
३. कोड वाच.

आईला गुडघा शेकायला सांग.

९ फेब्रुवारी

वन्सं,

कोड वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा डुलकी लागली. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा तुमच्या भावाने विचारलं की तोंड असं का झालंय. तिसऱ्यांदा एक ओळ कळली आणि तेव्हापासून बेचैन आहे.

मला एकाच पद्धतीने लिहिता येतं, म्हणून तसंच लिहून काढलं. बघा:

“बदलणारे फंक्शन. कशासाठी: एखाद्या खुणेचा वर्ग बदलण्यासाठी. कसे द्यावे: आधी खूण, मग तिचा नवा वर्ग, मग हवा असल्यास तक्ता. तक्ता सांगितला नाही, तर चालू फाइल जो तक्ता वापरते त्यात बदल होतो. दुष्परिणाम:”

आणि इथे हात थांबला. काय लिहू?

तुमची भावजय

ता. क. सासूबाई शेकत नाहीत. म्हणाल्या, “तिला म्हणावं येऊन शेक.”

१० फेब्रुवारी

माझ्या फंक्शनला दुष्परिणाम नाहीत. ते खोकल्याचं औषध नाही. अकरा वर्षं चालतंय, आजवर कुणालाही मळमळलेलं नाही, कुणाच्या अंगावर पुरळ आलेलं नाही. दिलेल्या खुणेचा वर्ग बदलतं आणि गप्प बसतं. इतकं सरळ वागणारं या जगात दुसरं काही असेल तर मला कळव.

तो शब्द काढ.

१६ फेब्रुवारी

वन्सं,

रागावू नका, पण मी करून पाहिलं.

दोन फाइली उघडल्या. एकीत माझी एक जुनी चिठ्ठी होती. दुसरीत तुमच्या भावाचा रजेचा अर्ज. (गेल्या वर्षीपासून तसाच आहे, साहेबांना द्यायचं धाडस होत नाही.) अर्जात “आई-वडील” असा शब्द आहे. कर्सर आधी ‘आई’पाशी थांबायचा, मग ‘वडील’पाशी. मग मी चिठ्ठीच्या फाइलमध्ये जाऊन सांगितलं की जोडरेघ हे यापुढे शब्दातलंच अक्षर. फक्त चिठ्ठीत, हं. अर्जाला बोटही लावलं नाही. परत अर्जात आले तर कर्सर “आई-वडील” एका उडीत पार!

तुमच्या भावाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे एका मजल्यावर बटण दाबलं आणि सगळ्या मजल्यांची दारं उघडली. असल्या लिफ्टला आम्ही सील ठोकतो.”

मी ठोकत नाहीये. मी फक्त विचारतेय.

तुमची भावजय

१७ फेब्रुवारी

ठोंब्याला सांग, लिफ्टचं बघ.

एका प्रकारच्या सगळ्या फाइली एकच तक्ता वाटून घेतात. प्रत्येकीला वेगळा दिला असता तर त्या काळच्या यंत्रांचा जीव गेला असता. मी मुद्दाम तसं केलं. “चालू फाइलपुरता” हे वाक्य माझं नाही, कुणीतरी अंदाजाने ठोकून दिलंय. पण अकरा वर्षांत एकाचीही तक्रार नाही. एवढी चिकित्सा करण्यासारखं ते नाही. वाक्य खोडलंस तरी चालेल, ठेवलंस तरी जग बुडणार नाही.

रजेच्या अर्जात “विनंती”तल्या ‘वि’ला दुसरी वेलांटी दिलीय का त्याने? शाळेत तरी तसंच लिहायचा.

२६ फेब्रुवारी

वन्सं,

बुडलं.

काल माहितीपुस्तकाच्या पत्त्यावर ही मेल आली. जशीच्या तशी देते:

“आपल्या पुस्तकात छापले आहे की बदल फक्त चालू फाइलपुरता असतो. मी विश्वास ठेवला. मी गेली वीस वर्षे शब्दकोश करीत आहे. जोडशब्दांच्या एका फाइलमध्ये जोडरेघेला अक्षराचा दर्जा दिला. मग इतर फाइलींवर, प्रत्येक ओळीतील पहिला शब्द ठळक छापला जावा म्हणून त्याच्याभोवती फुल्या घालण्याची आज्ञा चालवली. त्या फाइलींत मी शब्द, मग जोडरेघ, मग अर्थ, असे जागा न सोडता लिहीत आलो आहे. आता फुल्यांच्या आत शब्द आणि अर्थ एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले आहेत. हे माझ्या लक्षात येण्याआधी मी पुढचा महिनाभर त्याच फाइलींवर काम केले, त्यामुळे जुनी प्रत आता निरुपयोगी. या शब्दांना सोडवायला आपण येणार का?”

खाली पत्ता दिलाय. तुमच्याच शहरातला आहे.

आमच्याकडे अशी तक्रार आली की चिठ्ठी लिहिणाऱ्याला साहेब बोलवायचे. इथे साहेब नाहीत, म्हणून मीच मला बोलावलं आणि मीच माझ्यासमोर बसले. मी त्यांना माफीची मेल लिहिली आहे. त्यापलीकडे काय करावं सुचत नाही.

तुमची भावजय

२७ फेब्रुवारी

कोड बदलते. नव्या आवृत्तीपासून बदल खरोखरच फक्त चालू फाइलपुरता. तुझं जुनं पान आपोआप खरं होईल. आजोबांना कळवलं आहे.

१ मार्च

वन्सं,

तसं करू नका ना!

तुमच्यासारखं मला कोडमधलं कळत नाही, पण हे कळतं. अकरा वर्षं लोक ही गोळी घेतायत. काहींना चिठ्ठीतलं खरं वाटत असेल, पण बाकीच्यांनी घेऊन घेऊन स्वतःच ओळखलं असेल की एकीकडे बदललं की सगळीकडे बदलतं, आणि त्यावरच त्यांचं काम बेतलं असेल. ते लोक मेल लिहीत नाहीत, कारण त्यांचं नीट चाललंय. तुम्ही एका रात्रीत गोळी बदललीत तर उद्या त्यांच्या मेल येतील. चूक चिठ्ठीत आहे. चिठ्ठी बदलू या.

तुमची भावजय

१ मार्च

कोड माझा आहे.

२४ मार्च

वन्सं,

तीन आठवडे तुमचं अक्षर नाही. मी तीन मेल पाठवल्या, त्यांतली एक तर नुसती “बऱ्या आहात ना?” एवढीच होती. आजोबा म्हणतात, तुम्ही कोडही पाठवलेला नाही. इकडे सासूबाई रोज विचारायच्या, आज काय म्हणाली? मी काहीतरी ठोकून द्यायचे.

आणि आज कोशकारांची दुसरी मेल आली! वन्सं, मला वाचताना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. लिहितात: “आपल्याकडील बाई स्वतः आल्या. आता आठवड्यातून चार संध्याकाळी येतात. असे माणूस आयुष्यात फार उशिरा भेटले, याचेच दुःख. त्या आता आमच्याच घरच्या झाल्या आहेत. लवकरच आपणा सर्वांच्या कानी एक आनंदाची बातमी घालू.”

एवढं लपवायचं असतं का? आम्ही काय परके? मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं ते चुकलंच माझं. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या, गुडघ्याला विसरून. “सत्तेचाळीसाव्या वर्षी का होईना!” म्हणाल्या आणि मावशींना, आत्यांना, खालच्या मजल्यावरच्या बाईंना, सगळ्यांना फोन करून झाले. तुमचा भाऊ नुसता “ताई?” “ताई?” एवढंच म्हणत घरभर फिरतोय. सासूबाईंनी कपाटातून ठेवणीतलं कापड काढलंय. ते कोशकार उंचीला कसे आहेत असं विचारतायत.

मनापासून अभिनंदन, वन्सं. कसे आहेत ते?

तुमची,
फार आनंदलेली भावजय

२५ मार्च

चिठ्ठीबाई,

ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत! त्यांना बायको आहे!

बातमी कोशाची आहे. कोश छापायला जातोय. आईला आधी ते कापड परत कपाटात ठेवायला सांग आणि सगळ्यांना उलटे फोन कर. काल मला एका आत्याचा मेसेज आला, “जावई काय करतात?” मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले होते. आज तुझी मेल वाचली तेव्हा उलगडा झाला आणि कचेरीत इतक्या जोरात हसले की शेजारचा उठून बघायला आला. गेल्या चार वर्षांत त्याने माझा आवाज ऐकला नव्हता.

आता नीट सांगते. तू सगळं सविस्तर लिहितेस, तर एकदा मीही लिहून बघते.

तुझ्याशी भांडले त्याच संध्याकाळी कोड बदलायला बसले आणि जमेना. बोटं चालत होती, पण “सोडवायला आपण येणार का” हे वाक्य हटत नव्हतं. पत्ता पाहिला तर तीन थांब्यांवर. गेले. जिन्यात दोनदा परत फिरले, तेही सांगते. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

“तुम्ही त्या एडिटरवाल्या का?”

“हो.”

“मग आत या. ते चार दिवस त्या एडिटरला शिव्या देतायत, आता समोर बसवून देऊ दे. माझे कान सुटतील.”

आणि खरंच दिल्या, गं! तासभर. इतक्या वेगवेगळ्या आणि इतक्या नेमक्या शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. प्रत्येकीचा उगम त्यांना ठाऊक. ते दमल्यावर मी फाइली मागितल्या. जवळजवळ निम्मे शब्द मी छोटा प्रोग्रॅम लिहून सुटे केले. उरलेले यंत्राला सुटेनात, कारण जोडरेघ शब्दातली की शब्द आणि अर्थ यांच्या मधली, हे माणसालाच कळतं. मग आम्ही दोघं शेजारी बसलो. ते वाचायचे, “शब्द”, “अर्थ”, आणि मी रेघेच्या जागी विसर्गासारखे दोन ठिपके घालायचे. मध्येच एखाद्या शब्दापाशी ते थांबायचे आणि त्याची सगळी कुळकथा सांगायचे. सूप गार व्हायचं, त्यांची बायको दोघांनाही ओरडायची.

अकरा वर्षं माझं फंक्शन लोक वापरतात म्हणे. वापरणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून चष्मा शोधणारं.

आता पुढचं. परवा त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं की यापुढे असं होणार नाही, मी कोड बदलतेय, प्रत्येक फाइलचं वेगळं. तर ते खुर्चीतून उठलेच. “खबरदार! आता कुठे मला त्याची खोड कळलीय. एका फाइलमध्ये एकदा सांगतो आणि अख्खा कोश ऐकतो. ते काढून घेतलंत तर मी फाइलीफाइलीला सांगत बसू? तुमच्या पुस्तकात खरं ते छापा म्हणजे झालं!”

बायको आतून म्हणाली, “हेच तुझी भावजय म्हणत होती ना?” मी तिला तुझ्या मेल वाचून दाखवल्या होत्या. तिला तू फार आवडतेस.

तर चिठ्ठी बदल. दुष्परिणाम लिही. ठळक अक्षरात.

आणखी एक. हे लिहू की नको असं चाललंय. त्याच बाईंनी मला विचारलं, घरी का जात नाहीस. मी सांगितलं, सहा वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा भावजयीने एका ओळीत कळवलं, “तुमची पेटी माळ्यावर ठेवली आहे.” मला ते बरोबर कळलं. नव्या घरात माझी जागा अडगळीत. मीही एका ओळीत उत्तर दिलं, “बरं,” आणि विषय संपवला. त्या म्हणाल्या, “तिला विचारलंस का, त्या वाक्याचा अर्थ काय?”

विचारते.

घुबड

२५ मार्च, लगेच

वन्सं,

माळा म्हणजे तुमची खोली आहे!

या घरात जिन्याच्या वर एक लहान खोली आहे, पूर्वेला खिडकी, बाहेर झाडाचा शेंडा. आम्ही आल्या दिवशी सासूबाई वर गेल्या आणि म्हणाल्या, “ही माझ्या लेकीची. तिला लहानपणापासून उंचावर बसून वाचायला आवडतं.” छत जरा उतरतं म्हणून तुमचा भाऊ तिला माळा म्हणायला लागला आणि सगळ्यांच्या तोंडात तेच बसलं. पलंग आहे, टेबल आहे, दिवा आहे. तुमची पेटी टेबलाखाली आहे, कारण सासूबाई म्हणाल्या, आल्याबरोबर तिला पुस्तकं लागतील. गेली सहा वर्षं त्या दर आठवड्याला ती खोली झाडतात. मला झाडू देत नाहीत.

मला वाटलं होतं, तुम्ही लगेच याल. तुमचं “बरं” आलं आणि मला वाटलं, आमच्याकडची खोली यांना काय आवडणार.

एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरच्या वाक्याला एक कंस घालायला सुचला नाही. माळा (म्हणजे वरची खोली). एवढंच लिहायचं होतं.

या ना. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही की लग्न नाहीये. ते तुम्ही समोर येऊन सांगा, मी तेवढी शूर नाही.

तुमची चिठ्ठीबाई

२६ मार्च

शुक्रवारी संध्याकाळी पोचते. रविवारी परत.

लग्नाचं आईला मी सांगेन. ठोंब्याला मध्ये बसव.

२९ मार्च, शनिवार
(ओट्यावर, साखरेच्या डब्याखाली)

वन्सं,

तुम्ही गाढ झोपला आहात म्हणून चिठ्ठी. सकाळी आजोबांची मेल आली, नवी आवृत्ती निघाली. आपलं पान आत आहे, “दुष्परिणाम” या मथळ्यासकट. आजोबा म्हणतात, बाकीचे लोक आता आपापल्या फंक्शनलाही तसा मथळा मागतायत, आणि चिठ्ठीबाई अर्ध्याऐवजी पूर्ण वेळ येतील का असं विचारतायत. मी बाजारात जाऊन येते. तुमचा भाऊ आज रजेवर आहे. अर्ज दिला एकदाचा. दूध फ्रिजमध्ये. कोशकारांच्या बायकोने पाठवलेला बिस्किटांचा डबा सासूबाईंनी उशाशी घेतलाय, हवी असल्यास त्यांच्याकडे रीतसर मागा. उद्याच्या गाडीला कितीला निघायला हवं ते सांगून ठेवा.

चिठ्ठीबाई

(त्याच कागदावर, खाली)

उठले. बिस्किटं मिळाली, दोन.

आईने विचारलं, एवढं काय लिहिलंत दोघींनी मिळून, वाच. म्हटलं, तुला कळायचं नाही. “वाच तर.” मग तिच्या गुडघ्याला शेक देत देत पान वाचलं. खूण, वर्ग, तक्ता, सगळं. दुष्परिणामांपाशी तिने मला थांबवलं. “म्हणजे तू एका ठिकाणी सांगितलंस की सगळीकडे लागू होतं, असंच ना?” म्हटलं, हो. “अगं मग हे अकरा वर्षं कुणाला का सांगितलं नाहीस?”

ठोंब्या दारात उभा राहून पोट धरून हसत होता.

लग्नाचंही सांगितलं. तर म्हणाली, कापड चांगलं आहे, तुलाच काहीतरी शिवू. आता आम्ही दोघी शिंप्याकडे चाललोय. फोनवर तो म्हणाला, आठ दिवस लागतील.

उद्याचं तिकीट रद्द केलंय.